बॅटरीवाले एका आठवड्यात सोडून गेले, त्यानंतरची दोन वर्षं

गौरी जेवायच्या दिवशी माझे दोन्ही हात पुरणात होते आणि फोन वाजला, आमच्या कोरचा डायरेक्टर. म्हणाला बॅटरीचा स्टाफ गेला, सगळा, पाचही जण, एकाच आठवड्यात. २०२२ ची गोष्ट, ओहायोमधल्या डेटनजवळची. मला क्षणभर वाटलं याची गाडी बंद पडलीये. मग डोक्यात प्रकाश पडला की बॅटरी म्हणजे आमच्याकडे गळ्यात ड्रम अडकवून चालणारी मंडळी, स्नेअर, टेनर आणि बेस ड्रम. आणि पुढचं वाक्य, "तू रिक्रूटिंगमध्ये आहेस ना, मग शोध की." झालं. पुरण करपलं ते वेगळंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ड्रम कोर म्हणजे फुटबॉलच्या मैदानावर (अमेरिकन फुटबॉल, आपला नाही) पितळी वाद्यं, ड्रम आणि झेंडे-रायफली फिरवणारं कलर गार्ड, असं मिळून दहा-बारा मिनिटांचा शो करायचा, चालत, पळत, वाजवत. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यातलं काही चालत नाही. स्पेलिंगमध्ये कॉर्प्स लिहितात आणि कोर म्हणतात, मी पहिलं अख्खं वर्ष कॉर्प्स म्हणत होते, शेवटी मुलगा म्हणाला आई प्लीज, तू प्रत्येक वेळी प्रेत म्हणतेयस. पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांच्या संघटनांनी गावोगावच्या पोरांच्या हातात ड्रम-बिगुल दिले तिथून हे वाढत गेलं, ड्रम कोर इंटरनॅशनल ही संस्था १९७१ ला निघाली आणि १९७२ ला विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला त्यांची पहिली चॅम्पियनशिप झाली. मुलं एकवीस वर्षांपर्यंतचीच. मे मध्ये येतात, दिवसाचे दहा-बारा तास सराव, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपायचं, रात्री बसने पुढच्या गावाला, ऑगस्टपर्यंत हेच. आणि यासाठी मुलं स्वतः हजारो डॉलर भरतात, हो, मिळत नाहीत, भरतात. आमचा कोर छोटा, ओपन क्लासमधला, म्हणजे छोट्या कोरांच्या गटातला, शंभरच्या आत मुलं. नाव लिहीत नाही, कारण पुढे काही गोष्टी आमच्याच लाजेच्या आहेत.

मी यात कशी, तर चिरंजीव स्नेअर वाजवतात. आणि मी स्वतः पुण्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी पथकात ताशा वाजवायचे, नदीपात्रात सराव, बोटांना चिकटपट्ट्या, घरी येऊन आईची बोलणी. त्यामुळे पहिल्यांदा स्नेअर लाईन ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. पण मी कोरमध्ये शिरले ती स्वयंपाकाच्या ट्रकमधून, २०२२ च्या उन्हाळ्यात पाच आठवडे मी पोरांना दिवसातून चार वेळा खायला घालत होते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं.

तर स्टाफ. मी ऑफिसात जे करते तेच केलं. एक शीट बनवली, नाव, अनुभव, कुठल्या कोरमध्ये वाजवलं, कुठे शिकवलं, मार्क द्यायचे, बेरीज करायची. नोव्हेंबरमध्ये ऑडिशनचे कॅम्प सुरू होतात आणि मुलं ऑडिशनला येताना आधी स्टाफ कोण हेच बघतात, त्यामुळे ऑक्टोबरपर्यंत नावं जाहीर करायची घाई होती. बोर्डातले बाकीचे म्हणाले एक मोठं नाव आणूया. आणलं. इंडियानापोलिसला लुकस ऑइल स्टेडियममध्ये शनिवारी रात्री फायनलला जे बारा कोर उतरतात त्यातल्या एकात वर्षानुवर्षं काम केलेला माणूस, पर्कशनचा, म्हणजे सगळ्या तालवाद्यांचा, प्रमुख म्हणून. त्याच्या मानधनात आमच्या पर्कशनच्या बजेटचा अर्धा घास गेला. त्याचं नाव टाकल्यावर स्नेअरच्या ऑडिशनला आदल्या वर्षीच्या दुप्पट मुलं आली, मी शीट बघून खूश, डायरेक्टर खूश.

माणूस किती दिवस आला सांगू? हिवाळ्यात दोन वीकेंड आणि मे मध्ये चार दिवस. म्युझिक लिहून पाठवलं, सुंदर लिहिलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ते आमच्या पोरांसाठी लिहिलेलं नव्हतं, ते त्याच्या डोक्यातल्या पोरांसाठी होतं. त्याच्या खाली जे टेक होते, म्हणजे प्रत्येक सेक्शनला रोज शिकवणारे, ते मी शीटवरून निवडले होते, प्रत्येकाला चांगले मार्क होते आणि कोणीही कोणाला आधी भेटलेलं नव्हतं. स्नेअर टेक म्हणायचा काडी मनगटातून उचला. टेनरवाला म्हणायचा बोटं वापरा. काडी किती उंच न्यायची हे इंचात ठरलेलं असतं, हलका ठोका तीन इंच, जोराचा नऊ किंवा बारा, तर यांच्यात एकाचे नऊ इंच हे दुसऱ्याचे बारा. लांबून बघितलं की दिसायचं, शेजारशेजारचे दोन सेक्शन एकच फ्रेज वाजवतायत आणि हात वेगळ्या उंचीवर. हॉर्नलाईनमध्ये, म्हणजे पितळी वाद्यवाल्यांतही तेच, ट्रम्पेटच्या टेकने शिकवलेला श्वास वेगळा आणि ट्युबाच्या टेकचा वेगळा. एक पोरगी, मेलोफोन वाजवायची, जेवायच्या रांगेत मला म्हणाली की मी आता कोण समोर उभं आहे ते बघून श्वास घेते.

पथकात आमच्या हे होऊच शकायचं नाही. तिथे हात बसवणारा एक माणूस असायचा, त्याने जो हात बसवला तो साठ ढोलांचा हात, चूक असला तरी साठांचा. पुढे ताशेवाले, मागे ढोल, टोल, सगळ्यांनी त्याच्याकडे बघायचं. कोणी रेझ्युमे विचारला नव्हता त्याचा. त्याचं अक्षर इतकं वाईट होतं की वहीत लिहिलेलं त्यालाच वाचता यायचं नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मॅरियनला, इंडियानामध्ये, जिथे ओपन क्लासची फायनल होते, आम्ही आदल्या वर्षीपेक्षा खाली गेलो. पर्कशनमध्ये तर फारच. आणि त्याहून वाईट, परत यायला तयार असलेली मुलं अर्धीच राहिली. मी डायरेक्टरला म्हटलं मी जबाबदारी घेते, निवड मी केली होती. तो म्हणाला मग परत कर.

दुसऱ्या वेळेला मी शीट उघडलीच नाही. आधी आमच्या ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर बसले. त्याला मी मनातल्या मनात आजोबा म्हणते, सत्तरीचा आहे, तरुणपणी स्वतः वाजवलेलं, चाळीसेक वर्षं हेच बघतोय. त्याने सांगितलं की त्याच्या वेळी जज मैदानात पोरांच्या मधून क्लिपबोर्ड घेऊन फिरायचे आणि दिसलेल्या प्रत्येक चुकीला एक दशांश गुण कापायचे, टिक म्हणायचे त्याला. तेव्हा स्टाफचं काम एकच, चुका खरवडून काढायच्या, त्यासाठी सार्जंटसारखे ओरडणारे लोक पुरायचे. १९८४ ला ती पद्धत गेली. आता जज काय वाजवताय आणि किती चांगलं वाजवताय, दोन्ही बघतो, म्हणजे मिळवायचे गुण, कापायचे नाहीत. त्याचं म्हणणं, निम्मे लोक अजूनही १९८४ च्या आधीचा स्टाफ भरती करतात. मला हे एकदम पटलं, कारण आमच्याकडेही दोन तसे होतेच.

मग मी गुणांची शीट घेऊन बसले. शंभर गुण. त्यातले चाळीस जनरल इफेक्टचे, म्हणजे सगळं मिळून बघणाऱ्यावर काय परिणाम होतो त्याचे. तीस व्हिज्युअलचे, त्यात चालणं-उभं राहणं, मैदानावरच्या रचनेचं विश्लेषण आणि कलर गार्ड, प्रत्येकी दहा. तीस म्युझिकचे, ब्रास (पितळी वाद्यं), पर्कशन आणि म्युझिक अॅनालिसिस, पुन्हा दहा-दहा. आता बघा, आम्ही बजेटचा मोठा वाटा त्या दहा गुणांच्या पर्कशनवर आणि तोही एका नावावर घातला होता आणि चाळीस गुणांच्या इफेक्टचा मालक कोण, तर कोणीच नाही. ब्रास अरेंजरला वाटत होतं ड्रिल, म्हणजे मैदानावरच्या हालचाली, लिहिणारा बघेल, त्याला वाटत होतं गार्डची कोरिओग्राफर बघेल.

म्हणून पहिली जागा भरली ती प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरची. एक बाई, हायस्कूलच्या बँडला वीसेक वर्षं शिकवून झालेली, नाव कोणाला माहीत नाही. तिची एकच अट होती, डिझाइनवरचा शेवटचा शब्द माझा आणि मी जून-जुलैमध्ये सगळ्यात जास्त दिवस मैदानावर असणार. ती आल्यावर चार कॅप्शन हेड, म्हणजे ब्रास, पर्कशन, व्हिज्युअल, गार्ड, हे आम्ही दोघींनी मिळून निवडले. आणि टेक आम्ही निवडलेच नाहीत. ज्याचा त्याचा हेड निवडेल. मी फक्त कागद, पैसे आणि चौकशी बघणार. हे मान्य करायला मला जड गेलं, माझा धंदाच निवडायचा आहे ना.

हेड निवडताना आम्ही मुलाखती घेतल्या नाहीत म्हटलं तरी चालेल. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना विचारलं होतं की तुझी शिकवायची फिलॉसॉफी काय, आणि सगळ्यांनी एकच उत्तर दिलं होतं, मुलं आधी, वाद्य नंतर, वगैरे. आता आम्ही उमेदवाराला बोलवायचो, जवळच्या शाळेतले पाच बेस ड्रमवाले उभे करायचो आणि म्हणायचो वीस मिनिटं आहेत, संगीताचे हे चार बार, म्हणजे तालाचे चार तुकडे, स्वच्छ करून दाखव. बेस लाईन मुद्दाम. आपल्या ढोलांसारखं सगळे एकत्र वाजवत नाहीत तिथे, पाच वेगवेगळ्या आकाराचे ड्रम आणि एक वेगवान ओळ पाच जणांत वाटलेली, एकाने एक ठोका मारायचा की लगेच शेजाऱ्याने पुढचा. एक जण जरा घाईत आला की ओळ पायऱ्यांवरून पातेलं पडल्यासारखी ऐकू येते. एक उमेदवार आला, कागदावर असा की मी पहिल्या वर्षी डोळे मिटून घेतला असता. वीस मिनिटांतली बारा मिनिटं त्याने स्वतः वाजवून दाखवलं. पोरं बघत राहिली, टाळ्यापण वाजवल्या, आणि ओळ होती तशीच. दुसरा आला, मिडल स्कूलचा शिक्षक, जरा घाबरलेला. त्याने पहिल्यांदा पोरांच्या गळ्यातले ड्रम काढायला लावले. गोल चालायला लावलं, पावलावर टाळ्या, मग तोंडाने आपापला ठोका म्हणायचा. ताशाचे बोल आधी तोंडाने म्हणायला लावायचे तसंच की हो, मला एकदम गहिवरून आलं. अठराव्या मिनिटाला ड्रम परत गळ्यात आणि ओळ सरळ. शिवाय पाचातला जो सगळ्यात कच्चा होता त्याच्याशी तो बाकीच्यांशी जसा बोलला तसाच बोलला, ना जास्त गोड ना तिखट. त्याला घेतला.

त्याने मग आपले टेक आणले, त्यातले दोन त्याचे जुने विद्यार्थी. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांनी बसून एका कागदावर शब्द ठरवले. कुठल्या हालचालीला काय म्हणायचं, तीन इंच म्हणजे नक्की किती, स्ट्रोक कुठून सुरू होतो. दीड पान. तेच दीड पान पुढे ब्रासने केलं, मग व्हिज्युअलने, कारण पाऊलही मापाचं असतं, पाच यार्डात आठ पावलं म्हणजे साडेबावीस इंचांचं एक, आणि गुडघा वाकवायचा की पाय सरळ ठेवायचा यावर दोन पंथच आहेत, आपल्याकडे पुरणपोळी दुधाबरोबर की कटाच्या आमटीबरोबर तसे. कुठलाही चालेल पण घरात एकच ठेवा.

इथे एक कबुली. चिरंजीव स्नेअरमध्ये असल्यामुळे स्नेअर टेकच्या बाबतीत मी तोंड उघडायचं नाही असं बोर्डाने लिहून घेतलं होतं. आणि नेमका तोच टेक सगळ्यात उत्तम निघाला. घरी अजून टोमणे मिळतात.

एक जागा अशी होती जिची मला कल्पनाच नव्हती. मैदान रुंदीला १६० फूट, म्हणजे साधारण ४९ मीटर. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. म्हणजे मागच्या साइडलाईनवरचा ड्रम पुढच्या साइडलाईनला साधारण ०.१४ सेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १६० ठोक्यांची लय असेल तर एक ठोकाच ०.३७५ सेकंदांचा, त्यातला एक तृतीयांशाहून जास्त वाटेतच गेला. मग प्रत्येकाने आपल्या कानाला जे बरोबर वाटतं ते वाजवलं तर वर स्टँडमध्ये बसलेल्याला खिचडी ऐकू येते. म्हणून पुढे जमिनीवर जे मरिंबा-व्हायब्राफोनवाले असतात, पिट म्हणतात त्यांना, त्यांनी मागून येणारा बॅटरीचा आवाज ऐकून वाजवायचं, बघायचं नाही, ऐकायचं. आणि शोमध्ये बॅटरी जागा बदलत असते, त्यामुळे कुठल्या क्षणी कोणी कोणाला ऐकायचं आणि कोणी कंडक्टरचे हात बघायचे हे ठरवणारा एक माणूस वर, माइक घेऊन, सगळ्यांच्या वरचा. आमच्याकडे आधी वर चार जण असायचे आणि चौघांच्या हातात माइक. २०२४ ला एकच माइक ठेवला, प्रोग्रॅम कोऑर्डिनेटरने बाकीचे अक्षरशः कपाटात कुलूप लावून ठेवले. दोन दिवस स्टाफमध्ये रुसवेफुगवे, तिसऱ्या दिवशी सराव वेळेत संपला.

साउंडवाल्याचं मात्र आम्ही आजही नीट जमवलेलं नाही. २००० पर्यंत ब्रासवाल्यांना 'G' पट्टीतलीच बिगुल लागायची, नंतर कुठल्याही पट्टीची चालायला लागली, २००४ ला माइक-स्पीकर आले, २००९ ला सिंथेसायझर वगैरे. आजोबा या विषयावर बोलायला लागले की जेवण गार होतं. पण नियम आले म्हणजे माणूस लागतो. आमचा साउंडवाला म्हणजे एका मुलीचे वडील, चर्चमध्ये मिक्सर सांभाळायचे, भला माणूस, पण त्यांना खर्जाचा फार सोस. एका शोला सिंथचा खर्ज इतका होता की जजने रेकॉर्डिंगमध्ये म्हटलं ट्युबा आहेत असं दिसतंय, ऐकू येत नाहीयेत.

आता कॅलेंडर. हे कोणी आधी का सांगत नाही कळत नाही. चांगले टेक बहुतेक शाळेतले बँड डायरेक्टर किंवा कॉलेजातली मुलं. शाळा सुटते मेअखेर-जूनमध्ये, आमचं स्प्रिंग ट्रेनिंग त्याआधीच सुरू. आणि जुलैच्या शेवटी ओहायो-इंडियानातल्या शाळांचे स्वतःचे बँड कॅम्प सुरू होतात, म्हणजे जेव्हा आम्हाला माणसं सगळ्यात जास्त हवी तेव्हा ती पळणार. पहिल्या वर्षी ३० जुलैला सकाळी सरावाला हॉर्नलाईनमध्ये एकच टेक होता, आणि तो बिचारा दोन दिवस झोपलेला नव्हता. दुसऱ्या वर्षी मी भिंतीवर मोठा कागद लावला, ८० दिवस आडवे, माणसं उभी, आणि हेड घेताना पहिला प्रश्न हाच की ऑगस्टचा पहिला आठवडा येणार का. नाही म्हणाला तर कितीही मोठा असो, सल्लागार म्हणून ये, हेड म्हणून नको. जाणारा आणि येणारा टेक अर्धा दिवस तरी एकत्र हवेत असाही नियम केला, नाहीतर नवा येतो आणि पहिल्या तासात जुन्याने केलेलं पुसून टाकतो. पैसे तेव्हाही फार नव्हते. एका टेकने बसमध्ये हिशोब केला, ताशी दोन डॉलरच्या जरा वर पडत होते. तो हसला, मी नाही हसले.

चौकशीचं सांगायलाच हवं. २०१८ ला या क्षेत्रातल्या एका फार मोठ्या कोरच्या प्रमुखावर अनेक बायकांनी लैंगिक छळाचे आरोप केले, वर्तमानपत्रांत आलं, त्यानंतर सगळीकडे नियम कडक झाले. पार्श्वभूमीची तपासणी, मुलांबरोबर एकटा मोठा माणूस कधीही नाही, तक्रार कुठे करायची ते मुलांना पहिल्याच दिवशी सांगायचं. आमच्या कोरमध्ये अठराखालचीही मुलं असतात. मी ऑफिसात जितक्या रेफरन्स कॉलना हो-हो करून सोडून देते तितके इथे सोडले नाहीत. एक उमेदवार होता, व्हिज्युअलचा, काम अप्रतिम. तपासणी स्वच्छ आली. पण त्याने दिलेल्या तीन नावांव्यतिरिक्त मी त्याच्या जुन्या मुलांपैकी दोघींना फोन केले, आता मोठ्या झाल्यात त्या, आणि दोघीही थांबून थांबून बोलायला लागल्या. काही सांगितलं नाही त्यांनी, पण त्या थांबण्यातच मला कळलं. नाही घेतला. हेड चिडला माझ्यावर, पुरावा काय म्हणाला. पुरावा नव्हताच. बायकांना कळतं ते समजावून सांगायला मला त्या रात्री नीट शब्द सापडले नाहीत, पण सही माझी लागत होती आणि ती मी केली नाही.

आणि आता तो जेवणाचा ट्रक. २०२२ ला पाच आठवडे वाढताना मला एक गोष्ट दिसलेली पण तेव्हा अर्थ कळला नव्हता. काही टेक रांगेत पोरांच्या आधी घुसायचे, मीटिंग आहे म्हणून. काही सगळी पोरं वाढून झाल्यावर यायचे, पातेल्याच्या तळाशी जे असेल ते घ्यायचे आणि जाऊन पोरांच्या शेजारी गवतावर बसायचे. जे शेवटी यायचे त्यांच्या सेक्शनमधली मुलं पुढच्या वर्षी परत आली. हे काही शास्त्र नाही, माझं निरीक्षण आहे. पण दुसऱ्या वर्षी मी काय केलं, उमेदवाराने आधी जिथे काम केलं असेल तिथल्या स्वयंपाकवाल्या आयांना फोन लावले. तिथला डायरेक्टर सगळ्यांबद्दल चांगलंच बोलतो, त्याला वाद नको असतो. पण आया, त्यांना विचारलं हा जेवायला कधी यायचा, की पुढची वीस मिनिटं आपण फक्त ऐकायचं. कोणाला साखर जास्त लागते इथपासून कोण पोरीला रडवून गेला इथपर्यंत सगळं. नंतर आम्ही नियमच केला, स्टाफ शेवटी जेवणार, डायरेक्टरसकट.

अॅथलेटिक ट्रेनर, म्हणजे दुखापती बघणारी, तिलाही स्टाफ मीटिंगमध्ये बसवली, आणि ऊन अमुक एका पातळीच्या वर गेलं की सराव थांबवायचा हक्क तिचा, कुठल्याही हेडला विचारायची गरज नाही. पहिल्यांदा तिने थांबवला तेव्हा ब्रासचा हेड घड्याळ बघत उभा. त्याच दिवशी संध्याकाळी शोला एकही मूल पडलं नाही, तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी पाण्याचा पिंप स्वतः उचलून आणला.

गार्डबद्दल मी थोडकंच लिहितेय कारण तिथे मला फार करावं लागलं नाही. डेटनला दर एप्रिलमध्ये विंटर गार्डची जागतिक स्पर्धा होते, युनिव्हर्सिटीच्या अरेनात, गाव झेंड्यांनी भरून जातं. आमची गार्ड हेड तिथलीच, तिने चार फोन केले आणि तिचे टेक उभे राहिले. माझ्या मनात पथकातले ध्वजवाले आले, आमच्याकडे ज्याला वाजवता येत नाही त्याला ध्वज द्यायचे. हे तिला सांगायची चूक केली मी एकदा.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये मॅरियनला आम्ही काही पहिले आलो नाही. वर गेलो, पर्कशनमध्ये आदल्या वर्षीच्या मानाने बरेच वर, पण नंबराबद्दल मी लिहिणार नाही, ते बघायचं त्याने बघावं. माझ्या लक्षात राहिलंय ते शोच्या आधीचं पार्किंग लॉट. बॅटरी गोल उभी, मधला स्नेअर तोंडाने लय देतोय, आणि तो मिडल स्कूलवाला शिक्षक दहा फूट मागे खिशात हात घालून गप्प. पहिल्या वर्षी या वेळेला पाच जण एकदम सूचना देत होते. मी त्याला विचारलं काही सांगणार नाहीस का, तर म्हणाला आता सांगायचं राहिलं असेल तर उशीर झालाय. मग स्वतःच अस्वस्थ होऊन काड्यांच्या पिशव्या सरळ करत बसला.

त्या रात्रीच, बस निघायच्या आधी, मी पुढच्या वर्षासाठी सगळ्यांना विचारून घेतलं, तेव्हाच विचारायचं, घरी गेले की बायका-नवरे-मॉर्गेज आठवतं. बावीस जणांपैकी सतरा हो म्हणाले. आधीच्या वर्षी हा आकडा सहा होता. जे पाच गेले त्यातला एक बाप होणार होता, दोघांना मोठ्या कोरने उचललं, आणि उरलेल्या दोघांनी कारण दिलं नाही, मीही विचारलं नाही.

बेस टेकची जागा ऑक्टोबरपर्यंत रिकामी होती. मग एका रात्री एकाचा फोन आला, इंडियानामधला, कॉलेजात शेवटच्या वर्षाला, पगाराचं काही विचारलं नाही त्याने, मी ऐकतेय तोवर म्हणाला जेवण मिळतं ना. हो म्हटलं, मिळतं, पण सगळ्यात शेवटी. तो म्हणाला, मग तळाचं खरपूस पण मिळेल की.